फाटक्या आवाजाची ऑर्डर

"घ्या साहेब," मी म्हणालो. "आवाज दुधासारखा साफ झाला."

साहेबांनी गिटारची तार छेडली. दुकानभर आवाज पसरला. गोल, स्वच्छ, देवळातल्या घंटेसारखा. सकाळच्या आरतीला लावला असता तर देवाने डोळे उघडून बघितलं असतं, कोण आलं म्हणून.

साहेबांचा चेहरा मात्र पडला. माणूस इतका उंच, की त्याचा चेहरा पडायलासुद्धा वेळ लागायचा.

"अण्णा," ते हळूच म्हणाले, "मेरा आवाज किधर गया?"

मी जालन्यात, धान्याच्या मोंढ्याच्या रस्त्याला, अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान चालवायचो. लग्नाचा मंडप, सभा, सप्ताह, उरूस, सगळ्यांचे भोंगे माझ्याकडे यायचे. जिल्ह्यात मी दुरुस्त केलेला माईक हातात न धरलेला पुढारी दाखवा, मी मिशा काढतो. आमच्या धंद्यात एकच पाप आहे, फाटलेला आवाज. अँप्लिफायरला झेपत नाही तेवढा आवाज मागितला की तो फाटतो, खरखरतो. गिऱ्हाईक ओरडतं, मंडपवाला हात जोडतो, आणि मग तो डबा माझ्या टेबलावर येतो. आयुष्यभर मी शिंप्यासारखे फाटके आवाज शिवत बसलो होतो.

आणि हा माणूस मला विचारत होता, की तू शिवलास कशाला?

माणूस जर्मनीचा. त्यांचं नाव 'उवे'. मिलच्या कामगारांना ते काही जमेना. साहेब साडेसहा फुटी, त्यात दिवसभर मशीनपाशी उभे. म्हणून नाव पडलं उभे साहेब. हजेरीवरच्या माणसाला तर ते खरंच उभे आडनावाचे वाटायचे. आमच्या औद्योगिक वसाहतीत एका लोखंडाच्या मिलने तिकडून मशीन आणलं होतं, सळई ओढायचं. ते जोडून, चालवून द्यायला साहेब आले होते. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. मोबाईल नव्हता, कॅसेटचं राज्य होतं.

मिलची भट्टी पेटली की आजूबाजूच्या दिव्यांची मान खाली. बंद झाली की तेच दिवे वाघासारखे. अशाच एका झटक्यात साहेबांचा गिटारचा अँप्लिफायर गेस्ट हाऊसवर जळाला. मिलचा ड्रायव्हर बबन तो पोत्यात घालून माझ्याकडे घेऊन आला.

"अण्णा, हे जल्दी करा," तो म्हणाला. "साहेब दोन दिवसांपासून जेवून न्हाई राह्यले."

"मशीन बंद पडलं का?"

"मशीन बराबर हाये. माणूसच बंद पडलाय."

मी ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळला. सोबत एक लहान लोखंडी डबी होती, पायाने दाबायची. गिटारची वायर आधी तिच्यात जायची, मग अँप्लिफायरमध्ये. डबी उघडली तर आत दोन डायोड अशा जागी बसवलेले, की आवाज मोठा झाला की त्याचं डोकं उडालंच पाहिजे. डायोड म्हणजे विजेचा एका दिशेचा दरवाजा. मला वाटलं, कुण्या अडाण्याने चुकीचे जोडले. मी ते कापून फेकले, जोडणी सरळ केली, डबी पुसली. वर मनात म्हटलं, बघा, जर्मनीची चूक जालन्यात निघाली.

ती चूक नव्हती. साहेबांनी पगार साठवून घेतलेला तो फाटका आवाज होता. ते जे संगीत वाजवत, त्याला हेवी मेटल म्हणतात. त्यातही त्यांचा प्रकार पॉवर मेटल. बबन आधी समजला होता, की साहेब सुट्टीच्या दिवशीसुद्धा लोखंडाचंच बोलतात. त्या संगीतात गिटार फाटलेलीच लागते. साफ गिटार म्हणजे बिनमिशांचा पैलवान.

साहेबांनी कापलेले डायोड परत मागितले. "साहेब, कचरा गेल्ता सकाळीच," मी म्हणालो. "पण डायोड काय, इथं ढिगानं आहेत."

माझ्याकडचे दोन डायोड लावले. डब्यात माशी अडकल्यासारखा आवाज आला. दुसरे लावले. आता दोन माश्या. साहेब स्टुलावर बसले, गुडघे कानापाशी आले. मग त्यांनी मिलमधली हिंदी आणि हातवारे मिळून सांगितलं, की घाई कशाची आहे.

साहेबांच्या गावी त्यांचे मित्र बँड काढत होते. चौघे शाळेपासूनचे. साहेबांनी बांधलेल्या गाण्याचे ड्रम आणि बास, म्हणजे जाड तारांची गिटार, मित्रांनी एका कॅसेटवर भरून पाठवली होती. तिच्यावर साहेबांनी आपली गिटार वाजवून भरायची आणि कॅसेट परत पाठवायची. मिलवर आलेला दुसरा जर्मन इंजिनिअर सोमवारी परत जाणार होता, तो नेणार. पुढच्या आठवड्यात रेकॉर्ड कंपनीचा माणूस ती ऐकणार होता. वेळेत पोचली तर साहेब बँडमध्ये. नाही पोचली तर दुसरा गिटारवाला तयार होता.

मी विचारलं, "तुमच्याकडं बँड निघतो कसा? सुपारी कोण देतं?"

साहेब पहिल्यांदा हसले. म्हणाले, सुपारी कुणीच देत नाही, तिथूनच सुरुवात होते. गाव लहान, दिवसभर पाऊस, दुपारी चारला अंधार. दोन पोरांना एकच कॅसेट आवडते. तेवढ्यावर ठरतं, की बँड काढायचा. वाजवता दोघांनाही येत नाही. आधी नाव ठरतं, त्यात तलवार तरी हवी नाहीतर वीज. मग वहीच्या मागे त्या नावाची काटेरी अक्षरं काढायची. मग कुणाच्या तरी घराखालची बटाट्याची खोली मागायची. बटाटे बाहेर, पोरं आत. ड्रमवाला सगळ्यांत दुर्मिळ, कारण त्याला जागा लागते आणि बहिरे शेजारी लागतात. म्हणून एकच ड्रमवाला तीन बँडमध्ये. गाणारा शेवटी मिळतो, निखाऱ्यावर पाय पडल्यासारखं उंच गाणारा. मग भांडण होतं, अर्धे जण दुसरा बँड काढतात. उरलेल्यांनी एक कॅसेट भरायची, घरीच तिच्या नकला काढायच्या आणि देशोदेशी अनोळखी लोकांना पाठवत राहायच्या, कुणीतरी ऐकेपर्यंत.

मी म्हणालो, "साहेब, हे तर सगळं आमचंच चोरलंय."

भोकरदनकडच्या आमच्या गावात, धावड्यात, माझी बेंजो पार्टी होती. बेंजो म्हणजे बटणं दाबून वाजवायचं तारांचं वाद्य, लग्नाच्या वरातीपुढे भोंग्यावर वाजतं. आमच्या पार्टीच्या नावातही सिंह होता. आम्ही वाजवायला लागलो की भोकरदनच्या आठवडी बाजारातली जनावरं गावाकडे तोंड करून उभी राहायची. मग एक पोरगा वाळूजला कंपनीत गेला, दोघे पुण्याला, ढोलवाला सुरतेला. कुणाचं भांडण नाही, काही नाही. पार्टी फुटली नाही, पातळ झाली. बेंजो घेऊन मी जालन्यात आलो. दुकानामागच्या खोलीत राहायचो, स्वतःच स्वयंपाक करायचो आणि भाजीत मीठ कमी पडलं तर कुणाला सांगायचं, हा प्रश्न पडायचा.

हे सगळं साहेबांना सांगितलं नाही. जनावरांपर्यंतच सांगितलं.

"ठीक है," मी म्हणालो. "गुरुवारी मिलला सुट्टी. तुम्ही या. आवाज फाडून देतो."

शिवायला शिकलेल्या माणसाला फाडणं जड जातं. मी माळ्यावरून मंडपाचा जुना अँप्लिफायर काढला, त्याला पूर्ण पिळला. नुसता गुरगुरला. मग स्पीकर. स्पीकरच्या आत कागदाचा कोन असतो, तो हलतो म्हणून आवाज येतो. तो फाटला की स्पीकर मेला, असं मी प्रत्येक मंडपवाल्याला सांगत आलो. आणि गुरुवारी दुपारी मी हातात ब्लेड घेऊन एका धडधाकट कोनापुढे बसलो. साहेबांनी होकाराची मान हलवली. मी डोळे मिटले आणि मधून बाहेर चिरा दिल्या. लग्नात नवरी रडते तसं वाटलं, फक्त इथे वऱ्हाड नव्हतं.

साहेबांनी तार ओढली.

देवा शपथ सांगतो, फळीवरचे स्क्रू चालत खाली आले. लोखंड तापून लाल व्हावं तसा आवाज. जाड, खरखरीत, आणि तरी सूर सुटत नव्हता. साहेबांनी मला मिठी मारली. माझं नाक त्यांच्या खिशातल्या पेनापाशी आलं.

शेजारचा पिठाच्या गिरणीवाला कडूबा धावत आला.

"अण्णा! काय फाटून राह्यलं हो?"

"आवाज."

"मंग शिवा ना!"

"ऑर्डरच फाटक्याची हाये, कडूबा."

"बिलकुल येडे झाले तुम्ही. माझ्या गिरणीचा पट्टा तुटला वाटलं मला." तो साहेबांकडे बघून म्हणाला, "आणि ह्यांचं कुणी गेलं का? तोंड असं का केलंय?"

"ते खूश आहेत."

"हे खूश?" कडूबा परत गेला. पण त्याने दुपारभर गिरणी बंद ठेवली, हेही लिहिलं पाहिजे.

विजेचा भरवसा नव्हता. व्होल्टेज पडलं की टेप हळू होते आणि सगळे सूर खाली बसतात. म्हणून सगळं ट्रकच्या बॅटरीवर जोडलं, जसं आम्ही वरातीत जोडतो. एका टेपवर मित्रांची कॅसेट, स्पीकरपुढे सभेचा माईक, दोन्ही मिळून दुसऱ्या टेपवर.

मित्रांची कॅसेट सुरू झाली. ड्रम पळायला लागले. साहेबांनी सुरुवात केली आणि थांबले. पुन्हा सुरू, पुन्हा थांबले. बोटं बराबर चालत होती, पण मधेच मान वर करायचे आणि समोर रिकाम्या भिंतीकडे बघायचे.

"काय झालं?"

"वहाँ ड्रमवाला रहता," ते म्हणाले. "मैं उसको देखता, फिर बजाता. इधर कोई नहीं."

हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बेंजोवाल्याची नजर ढोलवाल्याच्या खांद्यावर असते. खांदा वर गेला की कळतं, आता ठोका येणार. मी उठलो, भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो.

"इधर?"

"थोडा लेफ्ट."

मी थोडा डावीकडे सरकलो. कॅसेट पुन्हा सुरू झाली. हातात काही नाही. जर्मनीतल्या कुण्या पोराच्या ठोक्यावर मी खांदे उडवत राहिलो आणि साहेब माझ्याकडे बघून वाजवत राहिले. त्यांचे डोळे माझ्यावर होते, पण दिसत मी नव्हतो. मलाही समोर साहेब दिसत नव्हते. गाणं संपलं तेव्हा दोघांनाही घाम आला होता. मी चहा सांगितला.

कॅसेट सोमवारी गेली.

पुढच्या आठवड्यात साहेब मला घेऊन मित्राला फोन करायला परदेशी फोनच्या बूथवर गेले. काचेच्या खोक्यात ते मावेनात, दार उघडं ठेवूनच बोलले. मला जर्मन येत नाही. पण आधी आवाज चढला, मग हसले, मग "या, या", म्हणजे त्यांचं हो, हो, म्हणत राहिले, आणि प्रत्येक 'या' आधीच्यापेक्षा लहान झाला. फोन ठेवून ते बाहेर आले.

"कॅसेट पोचली?" मी विचारलं.

"पहुँचा. बहुत अच्छा. वो पूछता, कौनसा अँप्लिफायर?"

"मंग?"

"कंपनी का आदमी को भी अच्छा लगा. मेरा गाना रखेगा." त्यांनी बूथचं दार लावलं. "मेरे को नहीं रखेगा. दूसरा गिटारवाला बजाएगा."

"तो जास्त चांगला वाजवतो?"

"नहीं. वो उसी गली में रहता. रोज आ सकता."

मला राग आला. असा राग, की मी तिथल्या तिथे जर्मनीला फोन लावून त्या मित्राला धावड्याच्या भाषेत चार शब्द ऐकवणार होतो. साहेबांनी हात धरला. रागावण्यासारखं काही नाही म्हणाले. बँड असाच निघतो. चांगला वाजवणारा कुठेही मिळतो, रोज संध्याकाळी येणारा मिळत नाही.

आम्ही दुकानाकडे परत निघालो. मग साहेबांनी विचारलं, "अण्णा, गेस्ट हाऊस से तुम्हारा दुकान कितना दूर?"

"रिक्षा तिकडं येत नाही. सायकल घ्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकल घेतली. जिल्ह्यातली सगळ्यांत उंच सीट, गुडघे तरी हँडलला लागायचे. मशीन चालू होईपर्यंत दर गुरुवारी ते यायचे. ते गिटार काढायचे, मी बेंजो काढायचो. एकमेकांचं काहीही जुळायचं नाही. कडूबा म्हणायचा, दोन रेडे एका गोठ्यात बांधलेत. मग मशीन चालू झालं, सळया बाहेर पडल्या, मालकांनी पेढे वाटले आणि साहेब गेले. सायकल मला देऊन गेले. माझे पाय तिच्या पॅडलला पोचत नव्हते.

तिकडे ती रेकॉर्ड निघाली की नाही, मला माहीत नाही. गिऱ्हाइकांना मी सांगतो, निघाली, आणि तिच्यातला आवाज माझ्या हातचा आहे. पन्नास हजार लोक नाचतात म्हणतो. दिवाळीच्या आसपास लाख करतो.

अजूनही पोरं दुकानात येतात. कुणी बेंजो पार्टी काढतं, कुणी ऑर्केस्ट्रा, हल्ली कुणी डीजे. विचारतात, "अण्णा, सुरुवात करायची हाये. पहिलं काय घ्यावं?" माईक, अँप्लिफायर, स्पीकर, सगळं माझ्याकडे विकायला असतं. पण मी आधी एकेकाला विचारतो, तू राहतो कुठं? एक अंबडचा, एक मंठ्याचा, एक भोकरदनचा असं निघालं, तर मी त्यांना काही विकत नाही. चहा पाजतो आणि सांगतो, आधी एका गल्लीत खोली बघा.