बोरं मीही वळली होती

हौसामावशी. पोलादपूरच्या अलीकडे, सावित्रीच्या काठाला आमची बुद्धवाडी आहे, तिथल्या रस्त्याकडच्या पहिल्या घरातली. एकोणीसशे एक्याऐंशीची दिवाळी, भाऊबीजेची सकाळ, विहारासमोरच्या ओट्यावर भरलेली वाडीची बैठक – तिथे, सगळ्यांच्या देखत, मी या बाईवर अन्याय केला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, महाडच्या सोबत्यांनाही नाही. तुम्ही मला ओळखत असाल तर पत्रकांवरून आणि भाषणांवरून ओळखत असाल. त्या माणसाला थोडा वेळ बाजूला बसवा. तो फार मोठ्यानं बोलतो.

आधी त्या बाईचं माझ्यावर काय आहे ते सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगायला तोंड नाही.

मी महाडला कॉलेजात होतो. सकाळच्या एस.टी.ला रस्त्यावर येऊन उभा राहिलो की मावशी पदराखालून पुडा काढायची. "ए पुढारी, हे धर. भाषणानं पोट भरत नाय." पुड्यात गोड बोरं असायची – म्हणजे तांदळाच्या पिठाच्या, गुळातिळाच्या, खऱ्या बोराएवढ्या तळलेल्या गोळ्या – आणि तिखट शंकरपाळ्या. सगळं कसं, एका घासाचं. का, माहीत आहे? आम्ही छापखान्याच्या मागच्या खोलीत पत्रकं दुमडत बसायचो, हे तिला मी एकदा बोललो होतो. तेव्हापासून तिनं शंकरपाळ्या बारीक कापायला घेतल्या. "एका हातानं खाता आलं पायजे," म्हणाली, "दुसरा हात कामाला." चळवळीचं इतकं सरळ गणित मला कुठल्याही शिबिरात कुणी सांगितलं नाही. आमच्या कितीतरी पत्रकांच्या कडेला तेलाचे डाग असायचे. लोक हसायचे. ते डाग तिचे होते, आणि आज मला त्यांचा अभिमान आहे – तेव्हा लाज वाटायची. हेही लिहून ठेवतो.

माझ्या आवाजात जो काही जोर आहे तो तिच्या पुड्यांवर पोसलेला आहे. आमच्या घरी भाताचीच मारामार, तळणाचं नाव कोण काढणार? आणि ती तरी कुठली सावकारीण? सखारामकाका, तिचा नवरा, मुंबईला गिरणीत. ती इथे एकटी, दुसऱ्यांच्या खाचरात लावणी-कापणीला जाणारी. तरी डब्यात माझा वाटा असायचाच. तिनं तो कधी बोलून दाखवला नाही. मीही कधी आभार मानले नाहीत. पुढाऱ्यांना आभार मानायची सवय नसते, हो ना?

आता मुद्द्यावर येतो. येतो – पण आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल मी वेडा होतो. मी वेडा नव्हतो.

आमचे आजे दिवाळी झाली की गावात जायचे. मोठ्या घरांच्या अंगणाच्या कडेला उभे राहायचे, फडकं पसरून. शिळ्या करंज्या, मोडक्या चकल्या, तळाचा चुरा, वरून टाकलेला. माझ्या आजोबांनी धम्म घेतला त्या वर्षी ते फडकं चुलीत घातलं. म्हणून आमच्या वाडीत दिवाळीचा फराळ करत नाहीत. ही काही नुसती देवाधर्माची गोष्ट नव्हे, ती कण्याची गोष्ट आहे. मी त्यावर पत्रक लिहिलं होतं: जुना सण म्हणजे जुनी गुलामी. त्यातलं एक अक्षरही मी आज मागे घेत नाही. मग चुकलं कुठे?

चुकलं ते असं. काही घरांत मुलांच्या हट्टापायी पुन्हा कढई चढायला लागली होती, आणि मी चवताळलो. दिवाळीआधीच्या बैठकीत ठराव आणून मंजूर करून घेतला – ज्या घरात दिवाळीचा फराळ होईल त्या घराचं नाव सगळ्यांपुढे घ्यायचं, आणि त्या घरच्या बाईनं वैशाखी पौर्णिमेच्या खिरीला हात लावायचा नाही.

हात लावायचा नाही. वाचा पुन्हा. महाडच्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसून बोलायला शिकलेल्या माणसानं हे शब्द लिहिले. आपल्याच माणसांसाठी. आणि माझ्यासकट एकालाही ते खटकले नाहीत.

पौर्णिमेची खीर हौसामावशी करायची. वर्षानुवर्षं. वाडीत तिला त्याच एका गोष्टीचा मान होता – मोठ्या पातेल्याशी उभी राहून पळी फिरवायची, आणि मग पहिली वाटी कुणाला द्यायची ते तिनं ठरवायचं. मूलबाळ नव्हतं तिला. त्या दिवशी मात्र वाडीतली सगळी पोरं तिची असायची.

आणि त्या दिवाळीत, पाडव्याच्या संध्याकाळी, तिच्या घरातून तळणाचा वास आला.

मी गेलो. का गेलो? समजूत घालायला? छे. भूक लागली होती म्हणून गेलो. दार ओढलेलं होतं. आत सखारामकाका बसलेले, सकाळच्याच गाडीनं आलेले. गिरणीची सुटी दिवाळीला. अख्ख्या वर्षात माणूस घरी येणार तो याच चार दिवसांत. घरात पणती नव्हती, पूजा नव्हती, काही नव्हतं. गुळाच्या पाण्यात शिजवलेली पिठाची उकड परातीत वाफाळत होती. मावशीनं माझ्याकडे पाहिलं, परात पुढे सरकवली.

"बसलायस तर वळ. पण बारीक वळ रे, तुझ्या डोक्याएवढी नको."

काका खदखदून हसले. मी हाताला तेल लावलं आणि वळायला बसलो. तीळ तळव्याला चिकटत होते. माझी बोरं ओबडधोबड, तिची एकसारखी. ती मंद आचेवर सोडायची, आणि मी घाई केली की ओरडायची, "जाळ वाढवू नको, फुटतील नि तेल तोंडावर यायचं." एक फुटलंच. काका म्हणाले, "हे पुढाऱ्यानं वळलेलं दिसतंय." आम्ही तिघंही हसलो. मी पोट भरेपर्यंत खाल्ली. खिशात भरून घेतली. इतकं सुख मला त्या वर्षात दुसरं झालेलं नाही – हे मला आज लिहिता येतं, दुसऱ्या दिवशी सकाळी बोलता आलं नाही.

कारण सकाळी बैठक होती. आमचे म्हातारे अध्यक्ष, गणूतात्या, काठी टेकून म्हणाले, "काल वास कुनाच्या घरचा व्हता? ठराव हाय तर नाव घ्या."

सगळ्यांना माहीत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, ठराव माझा ना. माझ्या खिशात अजून बोरं होती. आणि मी उभा राहिलो आणि तिचं नाव घेतलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी – नाही, ते "तरी" नको. मी थांबलो नाही. म्हणालो, काही जणींच्या जिभेला अजून गुलामीची चव आहे. टाळ्या पडल्या. हो, पडल्या.

मग गणूतात्यांनी विचारलं, "तू काल तिच्याकडंच गेलतास ना रे?"

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं. मी म्हणालो, "समजवायला गेलो होतो, तात्या. तिनं ऐकलं नाही."

हा माझा गुन्हा. एवढंच वाक्य.

बायकांच्या रांगेत मावशी उभी होती. तिनं नुसतं म्हणायचं होतं, याचे खिसे बघा. बस. माझं सगळं तिथेच संपलं असतं. काकांनी तोंड उघडलं, तिनं त्यांच्या दंडाला धरून खाली बसवलं. आणि म्हणाली – मी शब्द न् शब्द सांगतो – "व्हय. सांगितलंन त्यानं. मीच ऐकलं नाय."

तिनं माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं. का? मी पुढे महिनाभर तिच्या दारावरून गेलो नाही, लांबच्या वाटेनं जायचो. शेवटी एक दिवस तिनंच रस्त्यात अडवलं. "बोरं खायला तोंड उघडलंस, तवा बरं उघडलं. खरं बोलायला नाय," म्हणाली. मग हळू आवाजात: "त्या दिवशी तू पडला असतास, तर गावातली हसली असती. आपल्या पोराला हसू देतात काय? पण मला राग हाय हां. तो जायचा नाय." आणि पुडा हातात कोंबून गेली. रागासकट दिलेला तो पुडा मी घेतला. खाल्लाही.

त्या वैशाखात खीर दुसऱ्या बायकांनी केली, आजही त्याच करतात. मावशी मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती, हात मांडीवर. पोरं तिच्याजवळ जाऊन वाटी मागत होती आणि ती बोटानं पातेल्याकडे दाखवत होती. मी त्या दिवशी समतेवर बोललो. त्याच साली संपात गिरणी बंद पडली, काका कायमचे घरी आले. सुटी घेऊन येणारा माणूस आणि त्याच्यासाठी चढणारी कढई, ती दिवाळी शेवटचीच होती. ती मी त्यांच्या घरातून काढून घेतली.

आणि काय गुलामी होती हो त्या परातीत? ते कुणाच्या अंगणातून मागून आणलेलं नव्हतं. स्वतःच्या मजुरीचं तेल, स्वतःची चूल, आणि मुंबईहून आलेला स्वतःचा माणूस. माझ्या आजोबांनी फडकं जाळलं ते याचसाठी ना, की आपल्या हातचं आपण ताठ बसून खावं? हौसामावशी तेच करत होती. पत्रकाचा अर्थ तिला कळला होता. मला नव्हता.

मी लहान होतो असं म्हणणार नाही. चळवळीपायी केलं असंही म्हणणार नाही. चळवळीपायी खरं बोलता आलं असतं. मला क्षमा नको. तिनं मला खाऊ घातलं, सांभाळलं, आणि वर रागही ठेवला – एवढं सगळं माझ्या वाट्याला आलं, मी भरून पावलो आहे.

वाडीतल्या माणसांनो, तुमच्याकडे मात्र माझी मागणी आहे, आणि ती विनंती नव्हे. तुम्ही त्या ओट्यावर होता, तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. तो ठराव फाडा. येत्या पौर्णिमेला चूल पेटली की हौसामावशीला घरातून बोलावून आणा, मांडवात सगळ्यांसमोर पळी तिच्या हातात द्या. आणि का देता आहात ते मोठ्यानं सांगा, माझं नाव घेऊन.