खडकीच्या गुलाबाचे तीन डोळे

पुण्यात आल्यावर पहिलं काम मिळालं ते वारज्याच्या एका नर्सरीत. मालक वयस्कर, सगळे त्यांना काका म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "डोळे भरता येतात का?"

मी किनवटकडून दोन गाड्या बदलून आलेली, लेकीला आईपाशी ठेवून. वाटलं, माझं तोंड बघूनच विचारतायत. म्हटलं, "भरायला कशाला लागतात, आपसूकच भरतात."

काका म्हणाले, "छान. असा कारागीर आजवर मिळाला नव्हता. उद्यापासून या."

डोळा म्हणजे गुलाबाच्या काडीवर, देठाच्या बगलेत झोपलेला कोंब. तो सालीसकट काढून जंगली गुलाबाच्या खुंटात बसवायचा, त्यालाच डोळा भरणं म्हणतात, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. काकांचे हात आता थरथरतात, म्हणून त्यांनी ते काम मला शिकवलं. पंपाशेजारची खोली राहायला दिली. काकू अजूनही दुपारची भाजी पाठवतात. या दोघांनी ठेवून घेतलं नसतं तर मी कुठे असते, असा विचार करायचीही भीती वाटते. आणि तरी रोज सकाळी वाटतं, आज काहीतरी चुकेल आणि जा म्हणतील.

माझी शाळा सातवीत सुटली. पाणी वर नेते ती जलवाहिनी, अन्न पोचवते ती रसवाहिनी, एवढं पाठ होतं; पाहिलं कधी नव्हतं. खुंटाला पहिली चीर देऊन साल उचलली, तेव्हा आत बोटाला ओलं, बुळबुळीत लागलं. काका म्हणाले, "आतलं लाकूड बरंचसं मेलेलं. बाहेरची साल वाळकी. मधला हा पापुद्रा तेवढा वाढतो. खुंटाच्या पापुद्र्याला डोळ्याचा लागला पाहिजे. बाकी आपण नुसते पट्टी बांधणारे."

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर खडकीहून एक बाई आल्या. डब्यात, ओल्या फडक्यात गुंडाळलेली एकच काडी.

"ह्यांनी लावलेला गुलाब आहे," त्या म्हणाल्या. "हे गेल्या वर्षी गेले. आता क्वार्टर सोडायचंय, मुलाकडे बिबवेवाडीला जातेय. झाडच काढून न्यावं म्हटलं, तर बुंध्याला वाळवी. हिरवी अशी एवढीच उरली होती."

काकांनी काडी फिरवून पाहिली. "थंडीत आणायची. तेव्हा साल कशी अलगद सुटते."

"अहो, थंडीत मला कुठे ठाऊक होतं घर कधी सोडायचं ते?"

काकांनी काडी माझ्या हातात दिली. टोकाचे डोळे फुटून गेले होते, खालचे काळे पडले होते. धड असे तीनच. पान कापून देठाचा तुकडा तेवढा धरायला ठेवला, आणि तीन कुंड्यांतल्या तीन खुंटांना तीन डोळे भरून वर पट्ट्या बांधल्या. साल खरंच सुटत नव्हती. तिसऱ्याच्या वेळी पातं जरा सरकलं. बाई बघत होत्या, म्हणून मी तोंडावर काही दिसू दिलं नाही.

मग वाट बघणं. नर्सरीत उन्हाळ्यात पाठ मोडते. झारी उचल, कुंड्या सावलीत ओढ, "भरपूर फुलं देणारा, पाणी न लागणारा द्या" म्हणणाऱ्यांशी गोड बोल. त्यात जाता-येता नजर त्या तीन पट्ट्यांकडे. एकदा पट्टी सोडायला हात पुढे गेला तर काका लांबूनच म्हणाले, "सोडा, सोडा. म्हणजे आजच कळेल मेला म्हणून."

तीन आठवड्यांनी बाई आल्या. काका मला म्हणाले, "देठाला बोट लावून बघा. जोर नको."

पहिल्याचा देठ वाळून घट्ट चिकटलेला. काकांनी मान हलवली, कुंडी बाजूला सारली. दुसराही तसाच. तिसऱ्याला बाईंनीच बोट लावलं, आणि देठ टपकन खाली पडला. त्यांनी हात मागे घेतला.

"गेला हाही. माझ्याच हातून."

"बाई, मेलेल्या फांदीवरून देठ असा सुटत नाही," काका म्हणाले. "सुटायलाही आत जीव लागतो. आधीचे दोन बघा कसे धरून बसलेत."

मी पट्टी सोडली. डोळा हिरवा होता, किंचित फुगलेला. बाई वाकून बघत राहिल्या.

"आता खुंटाचं वरचं छाटा," काका म्हणाले. "तो शेंडा वाढतोय तोवर खालचा झोपूनच राहणार."

खुंटाची फांदी चांगली तरतरीत झाली होती. माझा हात उचलेना. एकच तर उरला होता. म्हटलं, "सगळीच पानं गेली तर मुळांना अन्न कुठून?"

काकांनी फांदी वाकवून पाहिली. "मग अर्ध्या जाडीपर्यंतच कापा आणि वाकवून ठेवा. पानं राहतील, शेंडा खाली येईल."

तसं केलं. बाईंनी विचारलं, "सोमवारी सामान जाणार. हा घेऊन जाऊ?"

"पान येईपर्यंत इथेच राहू दे," काका म्हणाले.

"आणि नाही आलं तर?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागली. मला काय ठाऊक.

"पाणी मी घालीन," मी म्हणाले.