आप्पांची सुटलेली तंबाखू

भिकाआप्पांनी तंबाखू सोडली याचं आमच्या दवाखान्यात सगळ्यांनी कौतुक केलं, मी जरा जास्तच. सुरतेच्या उधन्यात कापडाच्या लूमवर उभा जन्म काढलेला माणूस. दाढेत चिमूट नसली तर त्यांना धागाही दिसत नाही, असं त्यांची बायको सांगायची. कौतुक झालं की आप्पा मान खाली घालून हसायचे.

प्रोस्टेटचा कॅन्सर त्यांच्या हाडांत उतरला होता. किरणोत्सारी औषधाच्या पहिल्या दोन सुयांनी कंबरेचा ठणका गेला, आप्पा पुन्हा जिना चढू लागले. पण हे औषध कुणाला कधी बाधेल याचा नेम नाही. म्हणून सुया चालू असताना आणि संपल्यावरही वर्षानुवर्षं पेशंटची खबर ठेवायची, हे माझं काम. मी मूळची धुळ्याची, आप्पाही खानदेशातले, म्हणून त्यांच्याशी अहिराणीतच बोलायची. तरी उत्तर एकच, "बरं शे, ताई." फार खोदलं तर विहिरीची म्हण ऐकवायचे, "ज्या हीरनं पानी पिधं, तिले खारी म्हनानं नही." रक्ताचे रिपोर्ट चांगले येत होते, वजन मात्र उतरत होतं. माझा जीव टांगणीला लागला होता आणि हा माणूस ताकास तूर लागू देत नव्हता.

तिसऱ्या सुईच्या सकाळी औषध बाहेरगावाहून येऊन पोचलं होतं. ते फार टिकत नाही, त्याच दिवशी द्यावं लागतं. बाकावर आप्पांच्या शेजारी पहिल्या सुईला आलेला नंदुरबारकडचा एक माणूस बसला होता, पार घाबरलेला. त्यानं चोरून मळलेली तंबाखू आप्पांपुढे केली आणि विचारलं, या औषधाचा त्रास होतो का. मी मागे दारातच उभी होते. आप्पांनी त्याचा हात हळूच बाजूला सारला.

"मन्हा तोंडमा थुंक ऱ्हास नही," ते म्हणाले. "तंबाखू भिजस नही, मंग खाऊ कशी? भाकर पानी लिसन उतारनी पडस. सुई बंद व्हई, म्हनीसन मी लपाडं. तू लपाडू नको, भाऊ."

मागे वळून त्यांनी मला पाहिलं. आप्पाच म्हणाले, "जाय, डाक्टरले सांग."

डॉक्टरांनी तपासलं आणि सुई थांबवली. आणलेलं औषध वाया गेलं. पुढे लाळ थोडी परतली, पण तोवर ठणकाही परतला होता, आणि सहा-सात महिन्यांनी आप्पा गेले. ते बोलले नसते तर आणखी जगले असते की उपासानं आधीच गेले असते, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मला अजून त्यांचा राग येतो, आणि रडूही येतं.

नंदुरबारचा तो माणूस आजही तपासणीला येतो. मी खुर्ची ओढायच्या आत त्याच्या तक्रारी सुरू होतात. मी सगळ्या ऐकून घेते.