नववी ‘ब’ची साडेचार फुटी सरी

वडगाव निंबाळकरजवळच्या एका हायस्कुलात रामहरी तात्या शिपाई होते, पण जीव सगळा उसात. पहाटे उसाला पाणी द्यायचं आणि अकराला शाळेची घंटा, असा त्यांचा वीस वर्षांचा शिरस्ता.

नववी ‘ब’मध्ये बासष्ट पोरं कोंबलेली. भिंतीकडच्या वृषालीला फळ्यापाशी जायचं तर शेजारच्या तिघींना उठवावं लागे, म्हणून तिनं हात वर करणंच सोडलं होतं. नोटीस फिरवायला वर्गात जाणाऱ्या तात्यांना ते फार लागे. एकदा त्यांनी विचारलंच, तर ती म्हणाली, “उत्तर येतंय तात्या, पण उठाउठीतच तास संपतोय.”

तपासणी जवळ आली, तशी मुख्याध्यापक मोहनरावांना मुलांच्या मोकळ्या जागेची आठवण झाली. बाकांची मांडणी बदलायला त्यांनी शिक्षकांची समिती नेमली. समितीने चहा घेतला. तात्यांनी मात्र शनिवारी दुपारी शेतातली दोरी आणली आणि वर्गात भिंतीपासूनच सरळ साडेचार फुटी सऱ्या पाडल्या. दाट लावलेला ऊस नुसता उंच जातो, जाड होत नाही. पोरांचं काय वेगळं असणार? तरी बाक बसेनात. मग ढालींचं कपाट, लाकडी व्यासपीठ आणि गणिताच्या आप्पासाहेबांचं टेबल-खुर्ची व्हरांड्यात गेली.

सोमवारी आप्पासाहेब असे भडकले की विचारू नका. पण तास तर घ्यायचाच होता, म्हणून त्यांनी तो खिडकीतून घेतला. आवाज पार आठवीपर्यंत जाई, त्यामुळे आठवीचंही प्रमेय पाठ झालं. संध्याकाळी पालक मोटारसायकलींवरून प्लॉट बघायला येऊ लागले. कुणी अंतर मोजलं, कुणी मधल्या पट्ट्यात आंतरपीक म्हणून पाचवी लावता येईल का ते विचारलं.

तपासणीला टेबल आत येणारच, असं आप्पासाहेबांनी बजावलं. टेबल आलं की बाक सरकणार आणि वृषालीची वाट बुजणार. तात्यांना घास गोड लागेना.

तपासणीचे साहेब आले. मागून टेबलाचा एक कोपरा धरून आप्पासाहेबही आले. साहेबांनी वर्गभर नजर फिरवली. “मी बसू कुठं?”

तात्यांच्या तोंडून निघून गेलं, “साहेब, मालक पिकात बसत न्हाय. बांधावर बसतो.”

मोहनरावांनी डोळे मिटून घेतले. साहेबांचाही इंदापुरात ऊस होता. ते टेबल मागं घ्यायला लावून बाहेर गेले, आप्पासाहेबांच्या खुर्चीत बसले आणि खिडकीतून गणित घातलं.

वृषालीचा हात वर गेला. ती सरीतून सरळ फळ्यापाशी आली. उत्तर साफ चुकलं. ते पुसून ती वही बघायला जागेवर गेली आणि परत आली. दारात उभ्या तात्यांचे डोळे भरून आले. पोरीच्या तीन खेपा झाल्या होत्या, आणि एकीलाही उठावं लागलं नव्हतं.