फक्कीचा महामार्ग

समस्त निफाड तालुक्यास अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या सासऱ्यांच्या द्राक्षबागेतून कोणताही महामार्ग जाणार नाही, कधी जाणार नव्हता, आणि त्या रविवारी दिसलेली पांढरी रेघ सरकारने मारलेली नव्हती. ती मी मारली होती.

आता सविस्तर सांगतो.

पन्नाशी ओलांडली की माणूस एकतर अध्यात्माला लागतो, नाहीतर पळायला. मी पळायला लागलो. (अध्यात्मात भारी बूट विकत घ्यायची सोय नाही. असलेले बाहेर काढून ठेवावे लागतात!) नाशिकला आमचा पळणाऱ्यांचा एक ग्रुप आहे आणि त्यात प्रत्येकाची स्वतःची एक ‘ट्रेल’ आहे. ट्रेल म्हणजे पायवाटच, फक्त तिचे फोटो काढायचे असतात. कुणाची त्र्यंबकच्या डोंगरात, कुणाची धरणाच्या काठाने. माझीच तेवढी नव्हती. एका बेसावध क्षणी मी ग्रुपवर जाहीर करून टाकलं, “पुढच्या रविवारी सगळे माझ्या सासुरवाडीला! द्राक्षबागेतून पळायचं!”

साहजिकच, त्याच्या आधीच्या रविवारी जाऊन ट्रेल आखणं भाग होतं. आणि नेमकं त्याच रविवारी चांदवडची मंडळी घर बघायला येणार होती.

हे घर बघणं म्हणजे आमच्या घरातला जीवनमरणाचा प्रश्न. माझा मेहुणा योगेश चौतीस वर्षांचा. बाग झकास, स्वभाव त्याहून झकास; पण ‘मुलगा शेती करतो’ म्हटलं की मुलीकडचे लोक चहा निवायच्या आत उठायचे. चांदवडची कोमल ही पहिलीच मुलगी, जी म्हणाली, “मला शेतीच करायची आहे. पण आधी बाग बघेन, मग सांगेन.” तेव्हापासून योगेश बागेतलं पानन् पान पुसायचा तेवढा बाकी होता.

माझी बायको नीता, म्हणजे योगेशची थोरली बहीण. तिने मला गाडीतच बजावलं.

“उद्या तुम्ही काहीही करायचं नाही.”

“काहीही म्हणजे नक्की काय?”

“तुम्हाला जे जे सुचेल ते!”

पण मला पहाटे सुचलंच. आम्ही आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला पोचलो होतो आणि गोठ्यामागच्या खोलीत मला फक्कीचं अर्धं पोतं दिसलं होतं. फक्की म्हणजे कबड्डीचं मैदान आखतात ती पांढरी पूड. निफाडची ती हाडं गोठवणारी थंडी, सगळे गोधडीत, आणि मी कपाळाला बॅटरी बांधून, अंगात पिवळं जॅकेट घालून रेघ मारत निघालो! घराच्या दारातून अंगण, अंगणातून द्राक्षाच्या ओळी, पुढे पाटाची कड, विहिरीला वळसा, शेजाऱ्यांचा बांध आणि पुन्हा दारात. वळणावळणावर लाल झेंड्या. बांधावरच्या दगडावर तांबड्या रंगात बाण आणि ठसठशीत ‘कि. मी. १’. मग परत येऊन अंघोळ, इस्त्रीचा शर्ट आणि पुन्हा तेच बूट. (एवढे भारी बूट पाहुण्यांना दिसायला नकोत?)

नीताने मला बघताक्षणी पेढे आणायला गावात पिटाळलं.

आमच्या सासुरवाडीला लहानथोर सगळे मला ‘दाजी’ म्हणतात. बाहेरगावचे ‘पाहुणे’ म्हणतात. दाजी म्हणणारा तो आपला, पाहुणे म्हणणारा तो परका, हा हिशेब सोपा आहे. तर चौकातल्या चहाच्या टपरीवर आपली बरीच मंडळी गोळा झालेली.

“दाजी, आइकलं का? तुमच्या सासऱ्यांचा, नानांचा मळा गेला!”

“कुठे गेला?”

“रोडमंदी! सा पदरी रोड चाललाय. सर्वेवाले पहाटं फक्की टाकून गेले. झेंड्या रोवल्या, दगड रंगवले. घरसुदिक जातंय नानांचं!”

मी पेढ्यांचा बॉक्स काखेत मारला. “कोण आले होते?”

“आमच्या म्हाताऱ्यानं डोळ्यानं पाह्यला ना! एक जाडा साहेब व्हता. कपाळाला लाईट, पिवळं जर्किन. घडीघडी घड्याळात पाहायचा आन् धापा टाकायचा.”

जाडा साहेब! म्हणजे तो मी असण्याचा प्रश्नच नव्हता. माझं रक्त उसळलं. मी टपरीच्या बाकावर चढलो आणि भाषण ठोकलं. “आज माझ्या मेहुण्याचं लग्न ठरायचं आणि आजच याला रेघा मारायला सुचतात? हा साहेब मला एकदा दाखवाच! त्याला त्याच्याच रेघेवरून नाही पळवला तर बघा!”

“आन् आम्ही हाय ना दाजी तुमच्या मागं!” म्हणत पाच-सहा जणांनी काठ्या घेतल्या. मी मोर्चा घेऊन सासऱ्यांच्या दारात पोचलो.

दारात शोककळा. नाना अंगणात त्या रेघेवरच मांडी ठोकून बसलेले. “आधी माझ्यावरून रोलर न्या म्हनावं!” योगेश एकच स्टीलचा पेला केव्हाचा पुसत होता. चांदवडची मंडळी ओसरीवर होती, पण उभी. कोमल सगळ्यांत मागे, बागेकडे बघत. तिचे मामा चपला शोधत म्हणाले, “नाना, आमचं काई म्हननं नाही. पन बागच ऱ्हायची नसंल, तर पोरीनं बघायचं काय? येतो आम्ही.”

मी त्वेषाने रेघेकडे बघितलं. आणि माझा त्वेष जागीच जिरला. दारापासून थोडं पुढे त्या रेघेला एक चमत्कारिक हिसका बसलेला होता. नेमकी तिथे मला पहाटे शिंक आली होती.

मी सावकाश पेढे खाली ठेवले. पण नीताचं लक्ष पेढ्यांकडे नव्हतं.

“अहो, तुमचे बूट पांढरे कशाने झाले?”

“पांढरेच आहेत ते.”

“काल निळे होते.”

काठीवाली मंडळी आधी माझ्या बुटांकडे, मग पोटाकडे बघू लागली. मागून कुणीतरी पुटपुटलं, “जाडा साहेब गावला!”

मी सगळं कबूल केलं. पण मामांना ते पटेना!

“पाहुणे, पळायला रेघ? कोन मागं लागलं व्हतं तुमच्या?”

“कुणी नाही. आपलं आपणच पळायचं.”

“उगाच?”

“तब्येतीसाठी.”

मामांनी माझी तब्येत डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळली. “सोयरीक मोडू नये म्हनून जावयाला पुढं केलंय! खरं असंल तर पळून दाखवा. सगळी रेघ. आम्ही येतो मागून.”

आता इथे एक बारीक अडचण होती. ट्रेल मी आखली होती. पळालो नव्हतो.

योगेशने पेला ठेवला आणि हात जोडले. “दाजी, पळा. माझ्यासाठी पळा!”

मी पळालो! मागे मामा, त्यांच्यामागे काठ्या घेतलेली मंडळी (काठ्या ठेवून या, हे कुणालाच सुचलं नाही!), काठ्या पाहून चेकाळलेलं एक कुत्रं, आणि सगळ्यांत मागे “रोड नाही ना, नक्की नाही ना?” विचारणारे नाना. द्राक्षाच्या मांडवाच्या तारेत माझी टोपी अडकली. ती सोडवायला मागे वळलो, तर कोमल शांतपणे एकेक घड उचलून बघत होती आणि योगेश तिला काहीतरी समजावून सांगत होता. मी टोपी तिथेच सोडली.

पाटावर आलो तेव्हा छातीचा भाता झाला होता. विहिरीशी डोळ्यांपुढे काजवे. मामा मात्र चालत चालत माझ्या बरोबरीला आले होते आणि “कांद्याला पानी देताना यापेक्षा जास्त पळतो आम्ही” अशी माहिती पुरवत होते. तेवढ्यात तो बांध आला. मी स्वतः रंगवलेल्या दगडाला पाठ लावून आधी टेकलो, मग बसलो, आणि शेवटी ‘कि. मी. १’ उशाला घेऊन आडवाच झालो.

सगळे भोवती गोळा झाले.

“मंग? फुडं?” मामा म्हणाले.

मी फक्त एक हात वर केला. तोही खाली पडला. योगेशचा चेहरा पडला. निम्मी रेघ अजून तशीच कोरी पडलेली, म्हणजे निम्मा पुरावा गेला. आणि पुराव्याबरोबर सोयरीकही!

सकाळपासून एक शब्द न बोललेली कोमल तेव्हा पुढे आली. तिने बागेकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ओढणीत तोंड लपवता लपवता तिच्या तोंडून निघूनच गेलं, “अहो दाजी, हे तर खरंच सरकारी काम दिसतंय! किलोमीटरभर झालं आणि बंद पडलं!”