हौशीराम गुरुजींचा अर्धा शब्द

हौशीराम डुंबरे गुरुजींना कुठलाही शब्द पुरा बोलायची सवय नव्हती. अर्धा शब्द ते बोलत, उरलेला वर्ग बोले. "सूर्य पूर्वेला उगऽऽ..." असं म्हणून गुरुजी हात वर करायचे आणि चौथी-पाचवीची तेवीस पोरं पत्रे हादरतील अशा आवाजात "वतोऽऽ!" करून तो सूर्य उगवून टाकायची. ही सवय इतकी अंगात मुरली होती की घरी जेवायला बसल्यावरही गुरुजी म्हणायचे, "आज आमटीत मीऽऽ..." आणि प्रयागबाई भाकरीवरची नजर न हलवता म्हणायच्या, "ठ न्हाई. डॉक्टरनं बंद केलाय."

लोणीच्या पलीकडं माळवस्तीवर जिल्हा परिषदेची दोन शिक्षकांची शाळा आहे. गुरुजी मूळचे ओतूरचे, पण चौतीस वर्षांच्या नोकरीतली शेवटची एकोणीस त्यांनी याच शाळेत काढली. मध्ये एकदा बदली झाली तेव्हा गावानं अर्जफाटे करून त्यांना परत आणलं. त्यामुळं वस्तीवर तिशीच्या आतलं जे कोणी होतं, ते गुरुजींच्या हाताखालून गेलेलं होतं, आणि तिशीच्या पुढचं जे होतं, ते आपल्याला असे गुरुजी मिळाले नाहीत म्हणून हळहळत होतं.

प्रत्येक धड्याच्या शेवटी गुरुजी विचारायचे, "समजलं काऽऽ?" आणि पोरं म्हणायची, "होऽऽऽ!" हा 'हो' साधासुधा नव्हता. तो रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीत ऐकू जायचा. कुणाला पुरस्कार मिळतात, कुणाचे पेपरात फोटो येतात. गुरुजींना तसलं काही मिळालं नव्हतं आणि त्यांनी मागितलंही नव्हतं. त्यांची कमाई म्हणजे हा 'हो'. "माझ्या वर्गात पोराला समजलं नाही असं आजवर झालेलं नाऽऽ..." ते केंद्राच्या बैठकीतसुद्धा म्हणायचे, आणि बाकीचे शिक्षक मुकाट्यानं "ही" जोडायचे.

या कमाईला सुरुंग लागला तो दिवाळीच्या सुट्टीनंतर, आणि लावला वृषालीबाईंनी. वृषालीबाई म्हणजे शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका. मंचरहून स्कूटीवर यायच्या, वय सव्वीस, उत्साह दोन माणसांचा. त्या म्हणाल्या, "गुरुजी, एक अ‍ॅप आहे."

'अ‍ॅप' म्हटलं की गुरुजींच्या कपाळाला आठी पडायची. हजेरीचं अ‍ॅप, खिचडीचं अ‍ॅप, झाडं लावल्याचा फोटो टाकायचं अ‍ॅप. "बाई, शिकवायचं अ‍ॅप कधी पाहिलंय का तुम्ही? सगळी माहिती भरायची!"

"हे शिकवायचंच आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद पसरले. प्रत्येक कागदावर एक काळा चौकोनी ठसा, कोपऱ्यात नंबर आणि चार बाजूंना अ, ब, क, ड. प्रत्येक पोराला एक कार्ड. प्रश्न विचारायचा, आणि पोराला जे उत्तर वाटेल ती बाजू वर करून कार्ड धरायचं. मग गुरुजींनी समोरून सगळ्यांवरून एकदा फोन फिरवायचा. कुणाचं उत्तर काय, ते फोनवर नावानिशी उमटतं. पोरांना एकमेकांचं कळत नाही, कारण प्रत्येकाचा ठसा वेगळा. पोरांना मोबाईल लागत नाही, एकट्या शिक्षकाचा पुरतो.

गुरुजींना कल्पना बरी वाटली. चांगली वस्तू टिकली पाहिजे, या न्यायानं त्यांनी ती तेवीस कार्डं मंचरला नेऊन स्वतःच्या डीएड सर्टिफिकेटसारखी लॅमिनेट करून आणली. दुसऱ्या दिवशी पोरांनी कार्डं वर धरली तर खिडकीतलं ऊन त्यांच्यावर असं चमकलं की फोनला एकही ठसा दिसेना. वृषालीबाईंनी कपाळावर हात मारला. मग नव्यानं कागद छापले, आणि ते ताठ राहावेत म्हणून पोरांनी घरून आणलेल्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर चिकटवले. समोरून ठसा, मागून 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'.

पहिला प्रश्न अपूर्णांकांचा. हा धडा गुरुजींनी आदल्याच आठवड्यात संपवला होता आणि त्याचा 'हो' नेहमीपेक्षा मोठा आला होता. वृषालीबाईंनी फळ्यावर लिहिलं: मोठा कोणता? अ - एक तृतीयांश. ब - एक चतुर्थांश. क - दोन्ही सारखे.

"सोपंय," गुरुजी म्हणाले. "एक तृतीऽऽ..."

"गुरुजी!" बाई ओरडल्या. "तुम्ही बोलायचं नाही."

गुरुजी गप्प बसले. वर्गही गप्प. गुरुजींचा अर्धा शब्द नाही, पहिल्या बाकावरून सगळ्यांच्या आधी ओरडणाऱ्या सार्थकचा आवाज नाही, मागून जोडून घ्यायला काही नाही. पोरं छताकडं बघत राहिली. मग एकेक कार्ड वर आलं. फोन फिरला. बरोबर चार, चूक एकोणीस.

"मोबाईल बिघडलाय," गुरुजी म्हणाले.

फोन पुन्हा फिरवला. एकोणीस म्हणजे एकोणीसच. चार हा तीनपेक्षा मोठा, म्हणून चतुर्थांश मोठा, असा सरळ हिशेब पोरांनी केला होता.

गुरुजी त्या दिवशी कुणावर चिडले नाहीत, हेच वाईट लक्षण होतं. सहा महिन्यांनी निवृत्ती. चौतीस वर्षांचा तो 'हो' जर पोकळ असेल, तर आपण आयुष्यभर केलं तरी काय, हा विचार त्यांच्या डोक्यातून जाईना. तरी मन मानेना. आजची पोरं टीव्हीनं बिघडली असतील, जुन्यांचं तसं नव्हतं, असं म्हणत ते संध्याकाळी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर गेले. तिथं रामदास बसला होता. गुरुजींचा जुना विद्यार्थी, मंचरच्या बाजारात कांदा-बटाट्याची उलाढाल करणारा, तोंडी हिशेबाला कॅल्क्युलेटरच्या तोंडात मारेल असा.

"रामदास, एक तृतीयांश मोठा का एक चतुर्थांश?"

"चतुर्थांश," रामदास फुंकर मारत म्हणाला. "चार मोठे ना, गुरुजी."

गुरुजींचं बिस्कीट चहात पडलं. "अरे, हे मी तुला शिकवलंय. समजलं होतं का तेव्हा?"

"न्हाई."

"मग 'हो' कशाला म्हणायचास?"

रामदासनं डोकं खाजवलं. गुरुजींबद्दल त्याला माया होती, पण खोटं बोलायची सवय नव्हती. "गुरुजी, न्हाई म्हणायला जागा कुठं व्हती? तुमी 'समजलं का' म्हणायचा आन त्याच दमात पान उलटायचा. आन हो म्हटल्याबिगर घंटा व्हत नव्हती. पर लई गोड शिकवायचा राव तुमी. ऐकत बसावं असं वाटायचं."

या कौतुकानं गुरुजींना जास्तच लागलं. घरी ते जेवताना अर्धा शब्दसुद्धा बोलले नाहीत. प्रयागबाईंनी घाबरून आमटीत चिमूटभर मीठ टाकलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्गात आले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ड - समजलं नाही.

"आजपासून कुठलाही प्रश्न असो, 'ड' म्हणजे समजलं नाही. कुणाचा ड, ते फक्त मला दिसेल. मी रागावणार नाही. पण जोवर वर्गात एक जरी ड आहे, तोवर पुढचं पान नाही. पुन्हा पहिल्यापासून." आणि सवयीनं म्हणाले, "समजलं काऽऽ?"

"होऽऽऽ!"

गुरुजींनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

पहिले दोन दिवस एकही ड आला नाही. चुका वाटेल तेवढ्या, पण 'समजलं नाही' म्हणायची कुणाची छाती होईना. तिसऱ्या दिवशी फोनवर एक ड उमटला. सतरा नंबर, राजनंदिनी. मेंढपाळाची पोर. दिवाळीनंतर आईबाप मेंढरं घेऊन बाहेर पडले की ती आजीपाशी, ठमाबाईपाशी, राहायची. वर्गातल्या प्रत्येक 'हो'मध्ये तिचा आवाज असायचा, एरवी नसायचा. तो ड बघून गुरुजींना एवढा आनंद झाला की त्यांनी जवळजवळ तिचं नाव पुकारलं. त्यांनी जीभ चावली आणि अपूर्णांकांचा धडा पुन्हा पहिल्यापासून घेतला. भाकरी घेतली, दोरी घेतली, शेवटी पेरू कापला. पेरू संपला तरी ड तसाच.

चौथ्या खेपेला राजनंदिनी आपणहून उठली. "गुरुजी, हे वाटणीवाणी हाय का? मेंढरं तीन भावांत वाटली तर माझ्या बाला जास्ती येणार. चौघांत वाटली तर कमी. खालचा आकडा म्हंजी भाऊ."

वर्गात एकदम गलका झाला. भाऊ कुणाला नव्हते? वाटण्या कुणाच्या घरात झाल्या नव्हत्या? पोरं आपापल्या चुलत्यांची नावं घेऊन अपूर्णांक सोडवायला लागली. त्या दिवशी फोनवर तेवीसच्या तेवीस अ आले. गुरुजी तडक टपरीवर गेले आणि रामदासला म्हणाले, "खालचा आकडा म्हणजे भाऊ."

रामदासला तीन भाऊ. त्यानं कप खाली ठेवला. "आयला, मंग तृतीयांशच मोठा की! हे तवाच सांगायचं ना, गुरुजी!"

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं रे," गुरुजी म्हणाले.

पुढं ड ची साथच आली. एकदा तर ऐन पाढ्यांच्या परीक्षेच्या दिवशी तेवीस ड आले, तेव्हा गुरुजी गरजले, "पाढे समजायचे नसतात, पाठ करायचे असताऽऽ..." आणि पोरांनी मुकाट्यानं "त" जोडला. पानं सावकाश उलटत होती. पण जी उलटली, ती खरी उलटली. गुरुजींना फोन फिरवताना धडधडायचं आणि ते त्यांना आवडायला लागलं होतं.

निवृत्ती एकतीस मेची. पण तेव्हा शाळेला सुट्टी, म्हणून निरोप समारंभ एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी ठेवला. पुढं पोरं, मागं गावकरी. शाल झाली, नारळ झाला. ओतूरला सामान न्यायला टेम्पो ठरवलेला होता आणि प्रयागबाई बांधाबांध उरकून गावकऱ्यांच्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. गुरुजी बोलायला उठले.

"तर पोरांनो, येत्या जूनपासून मी शाळेत येणार नाऽऽ..." आणि हात वर केला.

कुणीच 'ही' म्हणालं नाही.

गुरुजींना वाटलं, माईकमध्ये काही बिघाड झाला असेल. "मी येणार नाऽऽ..." ते पुन्हा म्हणाले. सार्थक पहिल्या रांगेत ओठ घट्ट मिटून बसला होता. शब्द अर्धाच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा गुरुजींचा हात वरच्या वर अडकला. तोंडातून सवयीचंच निघालं, "समजलं का?"

पोरांनी दप्तरात हात घातले आणि तेवीस कार्डं वर आली. मागं बसलेल्या गावकऱ्यांना नुसत्या लग्नपत्रिका दिसल्या, 'यायचं हं, यायचं हं' म्हणणाऱ्या. काय चाललंय ते गुरुजींना मात्र कळलं. त्यांनी खिशातून फोन काढला आणि पोरांवरून फिरवला. खात्री पटेना म्हणून पुन्हा एकदा फिरवला.

तेवीस ड.

गुरुजींनी चष्मा काढून शालीला पुसला. शाल जरीची होती, तिनं काच आणखीच धूसर झाली. वृषालीबाई खाली बघत होत्या, म्हणजे त्यांना आधीच ठाऊक होतं. पोरांनी कटात सामील करून घेतलेला रामदास मागून ओरडला, "गुरुजी, नेम तुमचाच हाय! पुढलं पान न्हाई!"

"आन त्या टेम्पोवाल्याला काय सांगू?" प्रयागबाई म्हणाल्या, पण पदर त्यांनी डोळ्यांनाच लावला होता.

गुरुजींनी नारळ टेबलावर ठेवला. खडू शोधला, तो सापडला. फळ्यावर 'निरोप समारंभ' असं रंगीत लिहिलेलं होतं, ते त्यांनी नव्या शालीच्या टोकानं पुसून काढलं आणि वर्गाकडं वळले.

"बरं. मग पुन्हा पहिल्यापाऽऽ..."

"सूनऽऽऽ!"