सकाळी न उठणारी गाडी आणि लहानू मिस्त्री

लहानू मिस्त्री गाडीच्या आधी गाडीवाल्याले तपासे. बॉनेटले हात लावायच्या पहिले इतके सवाल विचारे का माणसाले घाम फुटे. माजरीच्या कोळसा खाणीत बारा वर्षं डिझेल इंजिनं खोलून त्याचा उजवा कान गेला होता. मग माय आजारी पडली म्हणून सिंदेवाहीले परत आला आन् यष्टी स्टँडाजवळ चिंचेखाली पोतं टाकून बसला. पोत्यात पाने-पकडी, तोंडात सवाल. एवढंच त्याचं दुकान.

मले असा माणूस सहन होत नाई. मी श्रीहरी, चौदा वर्षं दुसऱ्याचे ट्रक चालवून स्वतःची जुनी डिझेल अ‍ॅम्बॅसेडर घेतलेला माणूस. लगन असो, बाळंतीण असो, सारं गाव माझ्याच गाडीनं जाये. सत्त्याऐंशीच्या जानेवारीत त्या गाडीनं सकाळी उठणं सोडलं. दुपारी एका चावीत चालू, सकाळी स्टार्टरचा सेल मारून मारून बॅटरी झोपे. हीटर प्लग बदलले, बॅटरी बदलली, काही फरक नाई. शेवटी नाक मुठीत धरून लहानूले बोलावलं.

"सेल जोरात फिरते?" त्यानं विचारलं.

"फिरते."

"मागून धूर निघते?"

"बिलकूल नाई."

"म्हणजे डिझेलच पोचत नाई. डिझेल कशात आणता, भाऊ?"

गावात पंप नाई, डिझेल ब्रह्मपुरीवरून डब्यात आणावं लागे. साधा सवाल होता, पण मले झोंबला. म्हटलं, "मी काय भेसळ करतो? चौदा वर्षं ट्रक चालवले. मले शिकवू नको, पाना चालव." त्यानं पोतं उचललं आन् गेला. माझी बायको मीराबाई म्हणाली, "तुमचं तोंड एक दिवस घात करन." मी तिच्यावरही खेकसलो.

घात तिसऱ्याच दिवशी झाला. माझ्या पोरीची, सत्यशीलाची, गडचिरोलीले नर्सच्या नोकरीची मुलाखत होती, सकाळी दहाले. आमच्या सात पिढ्यांत कोणाले पगाराची नोकरी लागली नव्हती. पहिल्या यष्टीनं जा म्हटलं तं पोचेपर्यंत बारा वाजत. पोरगी पाचलेच तयार होऊन कागदाची पिशवी धरून उभी. मी सेल मारला, मारला, मारला. धूर नाई. ती नुसती गाडीकडं पाहून राह्यली. मले तेच जास्त लागलं.

सायकल काढली आन् लहानूच्या घरी गेलो. तो चूल पेटवून राह्यला होता. म्हटलं, "लहानू, माझं तोंड वाईट हाये. पण पोरीची मुलाखत हाये." त्यानं पोतं घेतलं आन् मागं सायकलवर बसला. अर्ध्या रस्त्यात विचारलं, "डब्बा कोणता, भाऊ?"

आता गुमान सांगितलं. जुना डब्बा फुटला, म्हणून मीराबाईच्या माहेरून एक रिकामा आणला होता.

"रिकामा हाये, हे कसं पाह्यलं?"

"उलटा करून. थेंब पडला नाई."

"पहिले काय होतं त्यात?"

"टोळीचं तेल," म्हटलं, आन् सायकलच थांबवली.

टोळी म्हणजे मोहाची बी, तिचं तेल थंडीत तुपासारखं गोठते, हे आमच्या इकडं शेंबड्या पोरालेही माहीत. तळाशी गोठून बसलेलं तेल उलटा करून पडते थोडंच. वरून डिझेल ओतलं, उन्हात सारं विरघळलं आन् टाकीत गेलं. मग रोज पहाटे तेच फिल्टरात गोठून बसे, दुपारी ऊन लागलं का सुटे.

लहानूनं फिल्टर खोलला तं आत पांढरा लोण्याचा गोळा. मीराबाईनं आंघोळीचं उकळतं पाणी आणलं. त्यानं फिल्टर धुतला, डिझेलच्या नळीवर फडकं गुंडाळून पाणी ओतलं, नळीतली हवा काढली. "आता मारा." पांढरा धूर निघाला, आन् इंजिन लागलं. मी गाडीतून उतरलो आन् तिथंच जमिनीवर बसलो. इतकं हलकं मले कधी वाटलं नव्हतं.

"रस्त्यात पुन्हा गोठन," म्हणून लहानू गरम पाण्याची किटली मांडीवर घेऊन माझ्या बाजूले बसला. वैनगंगेजवळ एकदा उतरून पाणी ओतावंही लागलं. मागून सत्यशीलानं विचारलं, "काका, गाडीले काय झालं होतं?"

तो खिडकीबाहेर पाहून म्हणाला, "थंडी वाजली होती, बाई."

साडेनवाले पोचलो. बाराले पोरगी हसत बाहेर आली. "बाबा, सारं आलं." मार्चात तिचा नेमणुकीचा हुकूमही आला, पण मी मुलाखतीच्याच दिवशी रडलो. मग तिथंच तिले सांगून टाकलं का थंडी नाई, टाकीत टोळीचं तेल मीच टाकलं होतं.

सत्यशीला खाली पाहून म्हणाली, "डब्ब्याले वास येत होता, बाबा. मले पहिल्याच दिवशी आला होता. पण तुम्ही खेकसान म्हणून बोलली नाई."

परतीच्या रस्त्यात मी तोंड उघडलं नाई. त्या दोघायलेच बोलू देलं.